राजीनामा : एका शब्दाची हकीकत



मंत्र्याने राजीनामा दिला अशी बातमी आली की आपण विचारतो, रुसून दिला की मागून घेतला? शब्दात मात्र रुसवा कोठेच नाही. राजी म्हणजे कबूल, खूष. नामा म्हणजे लेख. फारशीच्या वाटेने आलेला हा शब्द मराठेशाहीत खुर्ची सोडण्याच्या नव्हे, तंटा मिटवण्याच्या कामी येई.

वतनाचा वाद गोतसभेपुढे गेला की अग्रवादी आणि पश्चिमवादी या दोघांच्या तक्रिरा, म्हणजे जबान्या, लिहून घेत. मग दोघांकडून राजीनामा : पंच जे ठरवतील त्यास आम्ही राजी आहोत. त्याला जामीनही लागत. निवाडा कोणीकडे झुकणार हे ठाऊक नसताना दिलेली ही कबुली; तिची सारी किंमत त्या 'आधी'त आहे. निकालानंतर जिंकणारा राजी असतोच, त्याला कागद कशाला? हरणाऱ्याकडून शेवटी येजितखत घेत, म्हणजे आपण हरलो हे त्यानेच लिहून द्यावयाचे. (घरातल्या भांडणांत ही चाल कोणी पाडू नये, अशी आमची विनंती आहे.)

पण गोतात प्रतिपक्षाचेच सोयरे बसले असतील तर? त्यावर परस्थळाची तोड होती. येथे मला न्याय मिळणार नाही असे वादी म्हणे, आणि प्रकरण दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे नेता येई. नाही म्हणण्याची ही वाट मोकळी होती म्हणूनच त्या राजीनाम्याला वजन होते. बलवंताशी गाठ पडलेल्या दुबळ्याला ती कितपत मोकळी असे, याविषयी आम्ही साशंक आहोत.

पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून देई आणि घेणारा कबुलायत. शेतावरून हा शब्द खुर्चीवर गेला तो याच वाटेने असावा, असे आम्हास वाटते.

'राजी' मात्र दस्तऐवजांतून गेलेला नाही. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीला मुलाइतकाच वाटा २००५ च्या दुरुस्तीने दिला. तरीही भावांच्या नावे हक्कसोडपत्रे होतातच. काही बहिणी खरोखर आनंदाने देतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या कागदात 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' ही ओळ असते, आणि ती बहीण माहेरच्या गावी उतरण्यापूर्वीच टंकलिखित झालेली असते. येथेही कबुली आधीच तयार आहे. फक्त ती देणाऱ्याला कोणी विचारलेले नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत भाऊ तिच्या शेजारी बसतो, ओळख पटवणारे दोघेही त्यानेच आणलेले असतात, आणि सही झाल्यावर तिला जेवायला जायचे असते ते त्याच्याच घरी. तिने परस्थळ मागावे तरी कोठे?