नावाचा अर्थ विचारा

श्रोतेहो, नव्या माणसाची ओळख झाली की आपण दोन प्रश्न विचारतो. पहिला, ‘नाव काय?’ आणि लगेच दुसरा, ‘आडनाव?’ आडनाव कळलं की गाव, जात, धर्म यांचा हिशेब मनातल्या मनात जुळतो. माझ्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाची गरजच पडत नाही. पहिल्या नावातच हिशेब पुरा होतो आणि मग कुणी कौतुकानं म्हणतं, ‘तुमचं मराठी छान आहे हो!’ घरात आम्ही दखनी बोलतो. पण माझी शाळा, शेत, बाजार आणि कविता सारं मराठीतच झालं. म्हणून नावांविषयी चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

नाव अरबी-फारसी असलं की ते मुसलमानाचं, असा एक समज आहे. पण शिवाजी महाराजांच्या वडिलांचं नाव पाहा. मालोजीराजांना बरेच दिवस मूल नव्हतं. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ या पीराला नवस केला आणि दोन मुलगे झाले. एकाचं नाव शहाजी ठेवलं, दुसऱ्याचं शरीफजी, असं परंपरा सांगते. ‘शाह’ फारसी, ‘शरीफ’ अरबी आणि त्यांच्यामागे आपला ‘जी’.

कोल्हापूरचे शाहीर पिराजीराव सरनाईक यांच्या नावात पीर आहे आणि ‘शाहीर’ हा शब्दही अरबी. कवी हा त्याचा अर्थ. अण्णाभाऊ साठे यांच्या १९५९ च्या कादंबरीचा नायक फकिरा मातंग समाजातला. ‘फकीर’ म्हणजे अरबीत गरीब. दौलतराव, हिम्मतराव, हैबतराव यांतले दौलत, हिम्मत, हैबत हे अरबी शब्द फारसीच्या वाटेनं आले. रुस्तुमराव हे नाव ठेवणाऱ्या आजोबांनी फिरदौसीचा ‘शाहनामा’ वाचला नसेल, पण रुस्तुम म्हणजे वीर, एवढं त्यांना पुरेसं होतं. गुलाबबाईतला ‘गुलाब’ फारसीत म्हणजे फुलाचं पाणी. आपल्याकडे येऊन त्याचं फूल झालं.

उलट बाजूनंही हेच घडलं. शाहीर अमर शेख यांचं मूळ नाव महबूब हुसेन पटेल. ‘अमर’ संस्कृत, ‘शेख’ अरबी, अर्थ वडीलधारा. या जोडनावाच्या माणसाचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभा गाजवत होता. माझ्या एका चुलत्यांचं नाव दगडूभाई होतं. आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून हा दगडासारखा टिकू दे, असं आजीनं म्हटलं.

काही नावं तर तीन-तीन धर्मांत नांदतात. इब्राहीम तोच अब्राहम, युसुफ तोच जोसेफ, दाऊद तोच डेव्हिड, मरियम तीच मेरी. आपल्या कोकणात बेने इस्रायली ज्यू शेकडो वर्षं राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची हिब्रू नावं मराठी वळणाची झाली. अब्राहमचे आबाजी झाले, सॅम्युएलचे सामाजी, आयझॅकचे हसाजी. यात एक गंमत आहे. आयझॅक, म्हणजे आमचा इसहाक, या हिब्रू नावाचा अर्थ ‘तो हसेल’. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून इब्राहीमची पत्नी सारा हसली, अशी कथा आहे. कोकणात आल्यावर योगायोगानं त्याच नावात मराठी ‘हस’ येऊन बसला!

वारावरून नाव ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे: सोमा, मंगळू, बुधा. मुसलमानांत शुक्रवारचा, जुम्म्याचा जुम्मन होतो. प्रेमचंदांच्या ‘पंच परमेश्वर’ कथेतला जुम्मन शेख अनेकांना आठवेल. आफ्रिकेतल्या घानामध्ये अकान लोक शुक्रवारी जन्मलेल्या मुलाला कोफी म्हणतात. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव झालेले कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ रोजी जन्मले, तो शुक्रवारच होता. म्हणजे घानाचा कोफी आणि आपला जुम्मन एकाच वाराचे.

सगळीच नावं मायेची नसतात, हेही सांगितलं पाहिजे. दगडू, धोंडू, केरबा ही नावं ओबडधोबड वाटतात, पण मुलाला दृष्ट लागू नये, ते जगावं, ही त्यामागची काळजी. ‘नकुशी’ या नावात मात्र काळजी नाही. मुलगी नको होती, एवढंच ते तिला आयुष्यभर सांगत राहतं. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींची नावं समारंभानं बदलण्यात आली. स्वतःच्या नावामुळे खाली पाहावं लागणं काय असतं, ते त्या मुलींना विचारावं.

नाव चांगलं असूनही कधी कधी खाली पाहायला लावतात. काही वर्षांपूर्वी माझी मुलगी नोकरीच्या गावी भाड्यानं घर शोधत होती. एक जागा तिला आवडली. गॅलरीत तुळशीची कुंडी होती, उजेड होता. भाडं ठरलं. मग नाव विचारलं गेलं आणि ती जागा ‘कालच दुसऱ्याला दिली’ असं निघालं. तिचं नाव रेहाना. अरबीत रैहान म्हणजे सुगंधी वनस्पती. आपला सब्जा, जो तुळशीच्याच कुळातला, त्यालाही अरबीत रैहानच म्हणतात. घरमालकांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं.

नाव ठेवताना आईबापांच्या मनात मूल जगावं, हसावं, नाव काढावं एवढंच असतं. त्यासाठी जवळचा शब्द ते घेतात, मग तो पीराचा असो, देवाचा असो की वाराचा. म्हणून श्रोतेहो, एक विनंती. नवी ओळख झाली की आडनावाची घाई करू नका. ‘तुमच्या नावाचा अर्थ काय? कुणी ठेवलं?’ असं विचारून पाहा. समोरचा माणूस आजीविषयी, नवसाविषयी, एखाद्या शुक्रवाराविषयी बोलू लागेल. घर द्यायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)