वहिवाट सिद्ध कोणी करावयाची?



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय दिला 'इंग्रजी कायदा, विवेक आणि न्याय', आणि वक्ता निवडला जिनिंगच्या मजुरांत काम करणारा. समोर बसलेल्या वकील मंडळींपैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू दिसते आहे, आणि ते गैर नाही. आम्ही कायद्याच्या कॉलेजची पायरी चढलो नाही. आमचे कायद्याचे शिक्षण झाले ते कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, पुढची तारीख मिळेपर्यंत दुसऱ्यांच्या खटल्यांचे कागद वाचून. तेव्हा पंडिती विवेचनाची अपेक्षा आपण ठेवू नये. आम्ही एकच प्रश्न घेऊन बोलणार आहोत. 'इथे पूर्वीपासून असेच चालत आले आहे,' असे कोणी म्हणाला, तर ते सिद्ध कोणी करावयाचे?

इंग्रजांच्या ज्या कायद्याला 'कॉमन लॉ' म्हणतात, तो एका पोथीत लिहिलेला नाही. राजाचे न्यायाधीश गावोगाव फिरत, भांडणे ऐकत, निवाडे देत. पुढच्या न्यायाधीशाने मागचा निवाडा पाहावा आणि तशाच भांडणात तसाच निकाल द्यावा, असे करीत करीत तो शतकानुशतके वाढला. म्हणजे मुळात तोही चालत आलेल्या गोष्टींचाच कायदा. मग त्यात विवेकाला जागा कोठे, असे कोणी विचारील.

१६०७ च्या सुमारास हाच प्रश्न इंग्लंडच्या राजाने विचारला. पहिला जेम्स गादीवर होता आणि सर एडवर्ड कोक हा मोठा न्यायाधीश होता. राजाचे म्हणणे असे की, कायदा जर बुद्धीवर उभा आहे, तर बुद्धी आम्हांलाही आहे. आम्ही स्वतः निवाडे का देऊ नयेत? कोकने उत्तर दिले ते असे: महाराजांची बुद्धी थोर खरी, पण प्रजेच्या जिंदगीचे आणि मालमत्तेचे तंटे नुसत्या उपजत बुद्धीने तुटत नाहीत, त्याला दीर्घ अभ्यासाने आणि अनुभवाने घडवलेली बुद्धी लागते. राजा संतापला. म्हणजे आम्ही कायद्याच्या हाताखाली की काय? कोक म्हणाला, राजा कोणा माणसाच्या हाताखाली नाही, पण ईश्वराच्या आणि कायद्याच्या हाताखाली आहे. पुढे १६१६ साली कोकची नोकरी गेली. त्याचे म्हणणे मात्र टिकले.

या गोष्टीचे कौतुक वकील मंडळी पुष्कळ करतात. आमचे थोडे निराळे मत आहे. राजाला दाराबाहेर ठेवणारे ते उत्तर आमच्यासारख्या मजुरालाही दाराबाहेरच ठेवते. घडवलेली बुद्धी म्हणजे तुमची बुद्धी, आम्ही अडाणी! पण कोकने अभ्यासाबरोबर अनुभव हाही शब्द घातला, आणि तेवढी फट पुरे आहे. अनुभव हा काही वकिलांच्या एकट्यांचा इनाम नाही.

आता वहिवाटीकडे येऊ. एखाद्या गावची रूढी कोर्टाने मानावी असे वाटत असेल, तर कॉमन लॉ त्या रूढीची उलटतपासणी घेतो. ती अनादि काळापासून आहे काय? इंग्रजांनी या अनादि काळालाही सन लावून ठेवला आहे, ११८९, म्हणजे पहिला रिचर्ड राजा गादीवर बसला ते साल. ती खंड न पडता चालत आली काय? ती निश्चित आहे काय, की आज एक आणि उद्या दुसरे? आणि शेवटी, ती विवेकाला धरून आहे काय? या प्रश्नांना उत्तर द्यावयाचे ते, जो रूढीचा आधार सांगतो त्याने. समोरच्याने नव्हे.

आपल्या सिंदखेडराजाला जन्मलेल्या जिजामातेने जेथे देह ठेवला, ते पाचाड महाड तालुक्यात आहे. त्या महाडातच ही उलटतपासणी झाली. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपणांस ठाऊक आहे. पण त्यानंतर जो दावा दहा वर्षे चालला, तो फारसा कोणी सांगत नाही.

सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्यात, असा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात आणला व तो मंजूर झाला. हे बोले कामगारांच्या चळवळीतले होते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर, पाणी तळ्यात, आणि माणसे तहानलेली, अशी तीन वर्षे गेली. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे तळ्यावर गेली व पाणी प्याली. पुढे मारहाण झाली, आणि तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरात दुसरी परिषद भरणार, तोच काही स्पृश्य मंडळींनी महाडच्या कोर्टात दावा लावला. तळे आमचे, अस्पृश्यांनी त्यातले पाणी न घेण्याची वहिवाट जुनी, म्हणून त्यांना मनाई व्हावी. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषदेला जमलेली माणसे जिवावर उदार होऊन आली होती. तरी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करविला. मिरवणूक तळ्याभोवती फिरली, पाण्याला कोणी हात लावला नाही. संप ऐन भरात असताना मनाई हुकूम हाती पडला म्हणजे पुढाऱ्याची काय अवस्था होते, हे आम्ही जाणतो. समोरच्या हजारांना 'थांबा' म्हणणे हे 'चला' म्हणण्याहून फार अवघड.

पुढे फेब्रुवारी १९२८ मध्ये तो हुकूम उठला. मूळ दाव्याचा निकाल १९३१ साली महाडच्या कोर्टात वादींविरुद्ध लागला. ते ठाण्याला अपिलात गेले, तेथे १९३३ मध्ये हरले. मग मुंबई हायकोर्ट. तेथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी अपील फेटाळले. हे ब्रूमफील्ड तेच, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती.

निकालातले सूत्र असे. अस्पृश्य लोक या तळ्यावर पाण्यास जात नव्हते, एवढे पुराव्यात दिसते. तळ्याभोवती घरे स्पृश्य हिंदूंची. पण अस्पृश्यांना अनादि काळापासून हक्काने वगळले जात होते, हे वादींना शाबीत करता आले नाही. सबब वहिवाट सिद्ध नाही.

बंधूंनो, येथे क्षणभर थांबले पाहिजे. 'तो गेला नाही' आणि 'त्याला जाण्याची बंदी होती' या दोन गोष्टी आपण रोजच्या बोलण्यात एकच धरतो. बायका अमुक यंत्रावर कधी नव्हत्या, म्हणून ते बायकांचे काम नव्हे. अमुक वस्तीतला माणूस कधी मुकादम झाला नाही, म्हणून तो होऊ शकत नाही. कोर्टाने या दोहोंमध्ये बोट घातले, आणि हक्क सांगणाऱ्यालाच म्हटले, दाखवा पुरावा. जन्मभर ज्याला 'तू तुझा हक्क दाखव' असे ऐकावे लागले, त्याला त्या दिवशी प्रथमच काही दाखवावे लागले नाही.

पण आम्ही या निकालाची आरती ओवाळणार नाही. ही वहिवाट विवेकाला सोडून आहे काय, लोकहिताला बाधक आहे काय, हा प्रश्न हायकोर्टाने सोडवलाच नाही. वहिवाट शाबीत झाली असती तर कदाचित विचार करावा लागला असता, आता गरज नाही, असे म्हणून तो बाजूस ठेवला. म्हणजे कोणा खटपटी वादीने जुने दस्तऐवज पैदा केले असते, तर काय झाले असते? माणसाला पाण्यापासून दूर ठेवणे अविवेकी आहे, एवढे वाक्य लिहिण्यास दहा वर्षे आणि तीन कोर्टे पुरली नाहीत. कायदा बरोबर निघाला. न्याय अर्ध्या वाटेवर राहिला.

उरलेली वाट संविधानाने चालून दाखविली. कलम १३ मध्ये 'कायदा' या शब्दात रूढी आणि वहिवाटही धरली आहे, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तर ती शून्य. ती कितीही जुनी असो; ११८९ ची असली तरी! कलम १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांची नावे घेतली आहेत. कायद्याच्या कोरड्या भाषेत 'तळी' हा शब्द वाचताना आमच्या डोळ्यांपुढे महाडच येते.

इंग्रजी कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आमचे मजूर आम्हांस घरी जाऊ देणार नाहीत. करार मोडला तर नुकसानभरपाई, हा त्या कायद्यातला सरळ नियम. पण तो धन्यांना. १८५९ च्या तेराव्या कायद्याने, आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या मजुराला तीन महिन्यांपर्यंत तुरुंग होता. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्यांना ही 'उचल' समजावून सांगावी लागत नाही. तो कायदा १९२५ साली रद्द झाला. पण संपावर बंधने घालणारे बिल १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत आले, तेव्हा बाबासाहेबांनी इंग्रजी कायद्याचाच तो नियम पुढे केला. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग, तो दिवाणी मामला. त्याला गुन्हा ठरवून माणसाला मनाविरुद्ध राबविणे म्हणजे त्याला गुलाम करणे. बिल मंजूर झालेच. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत मोठा संप झाला.

आता कारखान्यातल्या वहिवाटीविषयी थोडे. आमच्या भागातील एका जिनिंगमध्ये, नाव सांगत नाही, हंगामाची शेवटची गाठ बांधली की रेच्यावरच्या बायांना आठवड्याची जादा मजुरी मिळत असे. एके वर्षी मालकांनी ती बंद केली. म्हणाले, खुशीने देत होतो, आता खुशी नाही. त्या वेळी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा चालू होता. रूढीने मिळणारी सवलत काढून घ्यावयाची तर मालकाने आधी नोटीस दिली पाहिजे, असे त्याच्या चौथ्या अनुसूचीत होते. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता त्याच्या जागी आली, तीतही ती बाब राहिली आहे. पण ही रूढी आहे, हे सिद्ध कोणी करावयाचे? आम्ही. महाडच्या वादींना जो प्रश्न पुसला गेला, तोच आता आम्हांला.

काही कार्यकर्ते यावर चिडले. आम्ही म्हटले, चिडू नका, प्रश्न रास्त आहे. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने कलकत्त्याच्या पूजा-बोनसच्या खटल्यांत जी कसोटी घातली, तीच लावू. दरवर्षी न चुकता मिळाली का? पुष्कळ वर्षे मिळाली का? तोट्याच्या सालीही मिळाली का? दर एकच होता का? बायांजवळ कागद एकही नव्हता. पण कोणत्या हंगामात कोणाचे लग्न होते आणि त्या जादा मजुरीतून काय घेतले, हे त्या एकामागून एक सांगू लागल्या. आम्ही सन लावीत गेलो. मग जुन्या हजेरीपटांची व कीर्दींची मागणी केली. कीर्दीत बारा हंगामांच्या नोंदी निघाल्या. त्यांतले दोन हंगाम बोंडअळीचे, कारखाना निम्माही चालला नव्हता, तरी रक्कम दिलेली. खुशी म्हणावी तर तोट्याच्या सालीही तेवढीच आणि त्याच दराने कशी, असे समेट अधिकाऱ्यांनी मालकांच्या वकिलांना विचारले. वकील कीर्द पुन्हा चाळू लागले. पुढच्या तारखेला तडजोड झाली, आणि त्या हंगामाची मजुरी बायांना पोळ्याच्या आधी मिळाली.