बॅटरीचा पुरा हिशेब मांडू या



 लोणावळ्यातल्या आजच्या पंगतीत इंद्रायणी तांदळाचा भात आहे. हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचं, आणि ज्या नदीचं नाव त्याला मिळालं तिचा उगम इथून जवळच, कुरवंड्याला.

विजेच्या गाड्यांच्या बॅटरीवर बोलायला हा मावळ परिसरच योग्य जागा आहे. इथल्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून 1915 साली खोपोलीत वीज निघाली, तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. वीज स्वच्छ होती. जमिनी मात्र इथल्या बुडाल्या. 1921 मध्ये शेजारच्या मुळशीत शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसह धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो याच हिशेबासाठी.

बॅटरीचं तसंच आहे. द्रुतगती मार्गावर धूर न सोडणारी गाडी मलाही हवी आहे. पण तिच्यासाठी काँगोत कोबाल्टच्या खाणी खणल्या जातात, इंडोनेशियात कोळशाच्या विजेवर निकेल वितळवलं जातं आणि चिलीच्या अटाकामा वाळवंटात लिथियमसाठी जमिनीखालचं खारं पाणी उपसून उन्हात आटवलं जातं.

म्हणून पुनर्वापर हवाच, पण तोही फुकट होत नाही. जुन्या बॅटरीतली साठलेली वीज आधी पूर्ण काढून टाकावी लागते, नाहीतर फोडताना ती पेट घेऊ शकते. सेल दळून काळी भुकटी निघते. ती गंधकाम्लात विरघळवून धातू वेगळे करतात आणि मागे क्षारांनी भरलेलं सांडपाणी उरतं. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, बॅटरी असते. तिच्यात निकेल-कोबाल्ट नसतंच, त्यामुळे ती फोडून फारसे पैसे सुटत नाहीत. अशीच बॅटरी भंगाराच्या ढिगात पडून राहील, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. नियम चांगला आहे. मात्र सांडपाण्याची भीती उरतेच: चाकण-तळेगावचा वाहन उद्योग आमच्या नद्यांच्या काठाशी आहे, आणि आळंदीच्या घाटावर इंद्रायणीला आलेला फेस वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे.

तेव्हा यजमान म्हणून माझी विनंती आहे: प्रत्येक विक्रेत्याच्या दुकानात जुनी बॅटरी परत घेण्याची सोय असावी आणि पुनर्वापराच्या कारखान्यांचं सांडपाणी इंद्रायणी आणि पवना या नद्यांत थेंबभरही सोडलं जाऊ नये, असे दोन ठराव आपण या संमेलनात मंजूर करावेत.