दुधाच्या दातांवरची भूक



सियालदहला दंतवैद्यकावर बोलायचे, तर पहिले नाव डॉ. रफिउद्दीन अहमद यांचेच घ्यावे लागते. अमेरिकेत आयोवाला शिकून आलेल्या या माणसाने १९२० साली कलकत्त्यात देशातले पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले. त्यांच्या नावाचे रुग्णालय इथे जवळच आहे. कॅनिंग, डायमंड हार्बर, बनगावच्या लोकलने उतरलेली खेड्यातली माणसे दुखरी दाढ घेऊन तिथे येतात.

आज मात्र मी तीन हजार वर्षांपूर्वीच्या खेड्यातल्या मुलांविषयी बोलणार आहे. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्यासह पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. दोनशेहून अधिक दफने मिळाली, त्यांतली बहुतेक लहान मुलांची. मूल गेले की आईबापांनी त्याला घरापासून दूर नेले नाही. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवली, त्यात मूल निजवले आणि घरातल्याच भुईखाली पुरले. त्या मडक्यांतून दुधाचे इवले दात हाती आले. प्राचीन दातांचे अभ्यासक जॉन ल्यूकाक्स आणि आपले सुभाष वाळिंबे यांनी ते वर्षानुवर्षे तपासले.

हाड आयुष्यभर झिजते, भरून येते. दातावरचे कवच एकदा घडले की पुन्हा घडत नाही. दुधाच्या दातांचे कवच आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमारास घडू लागते आणि वर्षभराच्या आसपास पुरे होते. त्या काळात अन्न तुटले, ताप आला, जुलाब लागले, तर कवचात खाच राहते. इनामगावच्या मुलांच्या सुळ्यांवर पुढच्या बाजूला गोलसर खोलगट व्रण सापडले. खाच नेमके कारण सांगत नाही, पण वेळ सांगते, आणि जन्माआधीची खाच असेल तर तो आईच्या गरोदरपणाचा पुरावा असतो. पुरातत्त्वाच्या एवढ्या पसाऱ्यात त्या आईचे दुसरे काहीच उरलेले नाही, हे मला फार लागते.

आणि हे गाव दरिद्री नव्हते. जोर्वे या ताम्रपाषाण संस्कृतीच्या भरात त्यांच्याकडे जव होते, धान्याचे कोठार होते, पाण्याचा पाट होता. पुढे, इसवी सनापूर्वी १०००नंतर, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार वाढली. पाऊस कमी झाल्याने असे झाले, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत होते. प्राचीन सांगाड्यांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११च्या पुस्तकात या सरळ कथेवर प्रश्न उभे केले. शेवटच्या काळातली मुले खुरटलेली होती, याबद्दल मात्र त्यांच्या मनात शंका नाही.

मुलांच्या दातांसारखीच बायकांच्या दातांचीही गोष्ट आहे. सिंधू संस्कृतीतल्या हडप्पाचे अनेक सांगाडे तर याच शहरात, मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणाकडे आहेत. ल्यूकाक्सनी हडप्पाचे दात तपासले, तेव्हा बायकांचे दात पुरुषांपेक्षा अधिक किडलेले दिसले. शेती आली, पिष्टमय शिजवलेले अन्न वाढले, त्याबरोबर कीडही वाढली. बाळंतपणे वाढली, गरोदरपणात लाळ बदलते, रांधताना सतत काहीतरी तोंडात जाते. या सगळ्याचा भार बायकांवर अधिक पडला, असे ते मांडतात. मला हे पटते. बाईचे दात बाळंतपणाने जातात, असे आपल्या आज्या म्हणत, तेव्हा आपण शिकलेले लोक हसत होतो.

म्हणून या परिषदेपुढे माझी एकच सूचना आहे. गावातल्या शिबिरात दुधाच्या दातावर खाच दिसली, तर नुसते भरून मुलाला परत पाठवू नका. केसपेपरवर आईसाठी एक रकाना ठेवा: गरोदरपणी काय खायला मिळाले, ताप आला का, रक्त किती होते. आणि ती नोंद गावच्या आशा सेविकेपर्यंत पोचवा, कारण त्याच आईच्या पोटात पुढचे मूल असू शकते आणि त्याच्या दातांचे कवच घडायला अजून सुरुवातही झालेली नसेल.