गिरणेचे पाणी आणि फडाचा न्याय

(एरंडोल येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



एरंडोल अंजनीच्या काठी वसले असले तरी या तालुक्यातील पुष्कळ शेतीचे बरेवाईट गिरणेवर ठरते. मी अर्थशास्त्राचा शिक्षक. भूगोल माझा विषय नव्हे. परंतु नदीचा नकाशा ज्याने नीट पाहिला नाही त्याने पाणीवाटपाविषयी बोलू नये, असे माझे मत झाले आहे.

गिरणा सह्याद्रीत, कळवण-सुरगाण्याकडील डोंगरांत उगम पावते. तेथून अरबी समुद्र जवळ. पण त्याच्याकडे पाठ फिरवून ती पूर्वेस निघते. चणकापूरचे जुने धरण ओलांडून ती मालेगावला येते. तेथे मोसम तिला मिळते. नांदगाव तालुक्यात १९६९ साली पूर्ण झालेले गिरणा धरण तिला अडवते. पुढे चाळीसगाव तालुक्यातून उत्तरेकडे वळून भडगाव, पाचोरा, एरंडोल, जळगाव असे तालुके करीत ती तापीत शिरते आणि तापीबरोबर पुन्हा पश्चिम समुद्राकडे जाते. एवढ्या वळशात भरपूर पाऊस उगमापाशीच. आपण पर्जन्यछायेत, तेही शेपटाला. धरण दरवर्षी भरत नाही. भरले नाही की पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, आणि शेतीचे आवर्तन कापले जाते.

मग तुटीचा भार कोणी सोसावा? याचे उत्तर खानदेश-बागलाणात शतकांपूर्वीच दिले गेले होते. मोसम, आराम, पांझरा या नद्यांवरील फडपद्धती आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे, पाणी पाटकऱ्याने द्यायचे. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. पाणी कमी आले तर एखाददुसरा फड कोरडा ठेवीत. त्यामुळे तूट एकट्या शेपटाच्या शेतकऱ्यावर पडत नसे. ही व्यवस्था निर्दोष होती असे मी म्हणत नाही. ज्याला जमीनच नव्हती त्याला फडाने काय दिले, हा प्रश्न उरतोच. पण आजच्या कालव्यावर तेवढाही न्याय नाही.

नदीपात्रातील वाळूही या हिशेबात धरली पाहिजे. वाळू पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरी त्यावर जगतात. ती ट्रॅक्टर-डंपरने उपसली जाते, पात्र खोल जाते, आणि विहीर आटली की दोष पावसाला दिला जातो. उत्राणकडच्या मंडळींना हे सांगायला नको.

आता नार-पार-गिरणा योजना. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ७,००० कोटी रुपयांच्या या योजनेला मान्यता दिली. पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी उचलून गिरणेत आणायचे आहे. ते आपल्याला हवे आहे, हे मी लपवीत नाही. परंतु ज्या सुरगाणा-पेठच्या आदिवासी पाड्यांवर धो धो पाऊस पडतो, तेथेच उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन दरी उतरतात. त्यांच्या डोक्यावरून पाणी आणून आपण बागायत वाढवणार असू, तर आपण कोणत्या तोंडाने समतेची भाषा बोलणार?

म्हणून दोन मागण्या एकाच ठरावात असाव्यात: प्रथम त्या पाड्यांचा हिस्सा, आणि येणाऱ्या पाण्यापैकी शेपटाला किती मिळणार याचा आकडा आधीच जाहीर व्हावा. मसुदा मी सोबत आणला आहे. त्यात दुरुस्त्या सुचवा.