साइन कशासाठी? मॉडिंगने दिलेले उत्तर

गणितशिक्षक बंधुभगिनींनो,

त्रिकोणमिती शिकवताना वर्गातून हमखास येणारा प्रश्न आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे : ‘सर, याचा उपयोग काय?’ आपण उंच मनोरा आणि त्याची सावली दाखवतो. आज मला दुसरे उत्तर मांडायचे आहे. ते व्हिडिओ गेममध्ये स्वतःची भर घालणाऱ्या, म्हणजे मॉडिंग करणाऱ्या मुलांनी शोधलेले आहे.

२०११ साली आलेल्या ‘स्कायरिम’ या गेमचे उदाहरण घ्या. खेळाडू ज्या दिशेला तोंड करून उभा आहे, त्या दिशेला १२० एककांवर एक पेटी ठेवायची आहे. पॅपिरस या तिथल्या स्क्रिप्ट-भाषेत खेळाडूचा कोन मिळतो. मग पेटी एक्स अक्षावर १२० गुणिले साइन आणि वाय अक्षावर १२० गुणिले कोसाइन इतकी सरकवायची. खेळाडू उत्तरेला पाहत असेल तर कोन शून्य. पेटी सरळ उत्तरेला जाते. ईशान्येला पाहत असेल तर कोन ४५ अंश. दोन्ही अक्षांवर सुमारे ८४.८५ एकके.

इथे चाणाक्ष विद्यार्थी अडेल. पुस्तकात तर एक्ससाठी कोसाइन असतो, मग इथे साइन का? कारण पुस्तकातला कोन एक्स अक्षापासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतात, तर या गेममधला कोन उत्तरेपासून काट्यांच्या दिशेने. सूत्र पाठ केलेल्याची पेटी भलतीकडेच जाते. आकृती काढून विचार करणारा मात्र काही मिनिटांत मार्ग काढतो. इतकी स्वच्छ परीक्षा आपल्या प्रश्नपत्रिकाही क्वचितच घेतात.

दुसरी गोष्ट एककांची. पॅपिरसचा साइन अंश घेतो. अनेक गेमच्या मॉडिंगसाठी वापरली जाणारी लुआ ही भाषा १९९३ साली ब्राझीलमध्ये जन्मली. तिचा साइन रेडियन घेतो. तिथे नुसते ३० लिहिले तर अर्ध्याऐवजी उणे ०.९८८ येते. रेडियनची व्याख्या लिहून घेतलेला मुलगा ती विसरेल. आपली पेटी उलट्या दिशेला गेलेली पाहिलेला विसरणार नाही.

तिसरे उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे. २००६च्या ‘ऑब्लिव्हियन’ या गेमच्या मूळ स्क्रिप्ट-भाषेत साइन हे फलनच नव्हते. तेव्हा मॉडिंग करणाऱ्यांनी घातश्रेणी वापरून ते स्वतः बांधले : कोन, वजा त्याच्या घनाचा सहावा भाग, अधिक पाचव्या घाताचा एकशेविसावा भाग. ३० अंश म्हणजे ०.५२३६ रेडियन. पहिल्या दोन पदांतच ०.४९९७ मिळते, तिसरे पद घेतले की चार दशांश स्थळांपर्यंत नेमके अर्धे. हीच श्रेणी चौदाव्या शतकात केरळच्या माधवाने शोधली आणि सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात तिची उपपत्ती मांडली. माधवाला ग्रहांची स्थाने हवी होती, मॉडिंग करणाऱ्यांना पेटीचे. हाताशी तयार साधन नव्हते, म्हणून दोघांनाही फलनाच्या मुळाशी जावे लागले.

म्हणून माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. नववीत साइन-कोसाइनची सारणी फळ्यावर लिहून झाली की लगेच पेटीचा हा प्रश्न द्या. संगणक नसला तरी अडत नाही. आलेख कागद आणि कोनमापक पुरे. कोन कुठून आणि कोणत्या दिशेने मोजायचा, हे प्रत्येक गटाला वेगवेगळे सांगा आणि सूत्र त्यांनाच काढू द्या. ज्यांच्या घरी संगणक आहे, ती मुले पुढचा प्रयोग स्वतःहून करतील. मॉडिंगला वेळेचा अपव्यय समजून मुलांना रागावण्याआधी त्यांची स्क्रिप्ट एकदा मागून वाचा. तिथे चुकलेला कोन सापडला, तर पुढचा तास त्यावरच घ्या. या संमेलनातून परतताना प्रत्येकाने असा एक तास घेण्याचा संकल्प करावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.