तहान लागण्याच्या आधी

टाइप २ मधुमेहाची ओळख बहुतेक घरांत फार तहान लागणे, वारंवार लघवीला जावे लागणे आणि वजन उतरणे या तीन लक्षणांवरून होते. ती ओळख खोटी नाही, पण उशिराची आहे. मूत्रपिंडे रक्त गाळताना त्यातील साखर परत शोषून घेतात आणि रक्तातील साखर दर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली म्हणजेच ती लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते आणि तहान वाढते. निदानाची रेषा मात्र उपाशीपोटी १२६ इतकी खाली आखलेली असल्यामुळे, अनेक माणसे मधुमेही होऊनही कित्येक वर्षे धडधाकट म्हणून वावरत असतात.

या मूक काळात शरीरात बरेच काही घडत असते. इन्सुलिन हे स्वादुपिंडातून स्रवणारे संप्रेरक रक्तातील साखर पेशींमध्ये पोहोचवते. पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या, म्हणजे इन्सुलिनरोध निर्माण झाला, की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून तूट भरून काढते, आणि ते थकू लागल्यावरच तपासणीतील आकडा चढतो. हे जादा इन्सुलिन त्वचेवर मात्र खूण सोडते. मानेच्या मागे, काखेत किंवा जांघेत मखमलीसारखा जाडसर काळपट पट्टा उमटतो. तो मळ समजून घासणीने आणि साबणाने रोज घासला जातो, त्वचा सोलवटते, पट्टा तसाच राहतो. घरातील कोणाच्या मानेवर अशी खूण दिसल्यास तिच्यावर मलम शोधत बसण्याऐवजी रक्ताची साखर तपासून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

इच्छापोर–हजीरा पट्ट्यातील कारखान्यांत पाळ्यांमध्ये राबणाऱ्या आणि खानदेशातून येऊन सुरतेत स्थिरावलेल्या कुटुंबांत ‘अंगाने सडपातळ, त्याला कुठली साखर’ असा भरवसा बाळगला जातो. तो धोक्याचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली: उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून चरबीचा असू शकतो, आणि ती चरबी पोटात साठत असल्यामुळे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे सांगते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून घेतलेले माप पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत पोहोचले, तर तपासणीला आणखी कारण लागत नाही. आईवडिलांना मधुमेह असणे, तासन्‌तास बसून काम करणे, वर्षानुवर्षे रात्रपाळी करणे आणि गरोदरपणात साखर वाढलेली असणे यांनीही धोका वाढतो. बाळंतपणानंतर साखर उतरली म्हणून अशा स्त्रीने निर्धास्त राहू नये.

भरून येण्यास रेंगाळणारी जखम, पुन्हा पुन्हा होणारी गळवे, गुप्तांगाची खाज, मधूनच अंधूक होणारी नजर, तळपायांना येणाऱ्या मुंग्या, चप्पल पायातून निसटली तरी न कळणे, या तक्रारी आढळल्यास तपासणी लांबवू नये.

उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के आल्यास तो मधुमेहपूर्व टप्पा होय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात १३.६ कोटी लोक या टप्प्यात असल्याचा अंदाज दिला; आणि याच टप्प्यावर नियमित चालणे, पोटाचा घेर उतरवणे आणि ताटातील भात-पोळी आवरून डाळी-भाज्या वाढवणे यांचा सर्वाधिक उपयोग होतो. दक्षिण गुजरात आणि नंदुरबारकडील आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे असून, त्या विकारात एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून अशा व्यक्तींनी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांची साखर तपासणेच योग्य होय.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होऊ शकते. मात्र रात्रपाळी संपवून थेट केंद्रावर येणाऱ्या कामगाराने पहाटे चारला साखरेचा चहा घेतलेला असला, तर सकाळी सातचा नमुना उपाशीपोटीचा ठरत नाही. निदान आठ तास पाण्याखेरीज काही घेतलेले नसावे लागते, त्यामुळे रात्रभर झोप मिळालेल्या साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी रक्त देणे त्याच्यासाठी अधिक सोयीचे ठरते.